किशन डावीकडं पाहत नाही

...आणि मालिशवाला नाही हो तो! फिजिओथेरपिस्ट! किती वेळा सांगू? घरात सांगून झालं, गल्लीत सांगून झालं, तरी काल पिठाच्या चक्कीवर बायका विचारतातच, "काय म्हणते मंग तुमचा वाशीमचा मालिशवाला?" आता वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाला मालिशवाला म्हणायचं म्हणजे... पण जाऊ द्या! कोणाला काय म्हणतात त्याच्याशी मला घेणंदेणं नाही. मला पोराची मान सरळ पाहिजे, बस!

तर तुम्हाला सांगते, आमचा किशन, चार महिन्यांचं लेकरू, फक्त उजवीकडं पाहायचा. डावीकडून खुळखुळा वाजवा, टाळी वाजवा, ताट वाजवा... डोळे वळायचे, मान नाही! मान आपली डाव्या खांद्यावर कललेली आणि तोंड उजवीकडं, जसा काही फोटो काढायला बसवलाय. आता मी मुळातच घाबरट. पोरगं शिंकलं तरी मोबाईलमध्ये शोधते, आणि मोबाईल शिंकेपासून सुरू होऊन माणसाला कुठं नेऊन सोडतो ते तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळं सगळे म्हणाले, हिला उगाच वाटतं, तर मलाही वाटलं, आपल्याला उगाचच वाटत असेल. सासूबाई म्हणजे जिजाबाई, त्या तर हसल्याच. "काहून एवढी भेऊन राह्यली वं तनुजा? लाडात येऊन पाह्यते तो! याचा बापही असाच पाहे." मी बापाकडं पाहिलं. म्हणजे गजेंद्रकडं, आमच्या यांच्याकडं. हे मोबाईल पाहत बसले होते. मान खरंच वाकडी होती! त्याच दिवशी ठरवलं, वाशीमला जायचं.

आणि तिथं काय तमाशा! दवाखान्यात शिरतो न शिरतो तर समोर एक उंचपुरा माणूस, चष्मा, कोरलेली दाढी. झालं! सासूबाईंनी किशनचं डोकं थेट त्याच्या पायाला लावलं. "साहेब, आता तुमच्याच हातात हाय!" आणि माझ्या डोहाळ्यांपासून जी सुरुवात केली... तो बिचारा मधूनमधून म्हणतोय, "आजी, मी नर्स आहे, मी फक्त वजन करणार." "बाप्या माणूस कुठं नर्स असते काय? कायले मजाक करता गरिबाची?"

बरं, आत गेलो. खुर्चीवर एक मुलगी, माझ्याच वयाची, लांब वेणी. सासूबाई म्हणाल्या, "ओ सिस्टर, त्या उंच डॉक्टरसाहेबाले आत पाठवा नं." ती शांतपणे म्हणाली, "मीच डॉक्टर आहे, आजी." यावर सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या, आणि त्यांचं कुजबुजणं म्हणजे बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असं, "बाई डॉक्टर तं बायंतपणाची असते! हिले मानेतलं काय समजते?" मला तर टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. पण खरं सांगू का? दारावरच्या पाटीवर नुसतं आडनाव वाचून मीसुद्धा मनात एक टक्कलवाले गृहस्थच बसवले होते. बी.एस्सी. झालेय हो मी! सांगायची सोय नाही.

त्या डॉक्टरांनी मान चाचपली, मला बोट लावून दाखवलं. "इथं, ही गाठीसारखी लागते ना? स्नायू आखडलाय. सरळ होते ही मान, पण रोज व्यायाम हवा, तो आमचे फिजिओ शिकवतील. आत्ता आळस केला तर मोठेपणी अवघड जाईल." झालं, संपलं. सासूबाई वाटच पाहत राहिल्या. "सुई?" नाही. "बाटली?" नाही. "थेंब गिंब?" तेही नाही. "मंग डॉक्टरकडं आलो कायले आमी?"

आता तो फिजिओ. मी तुम्हाला सांगते, मी एक पैलवान धरून चालले होते, तेलाची वाटी हातात, दंड असे! निघाला एक किडकिडीत माणूस, फुंकर मारली तर उडेल. ना तेल, ना वाटी. त्यानं किशनवर एकदा करून दाखवलं आणि म्हणाला, "हं, आता तुम्ही." मी? मी कशी? "मग मी रोज तुमच्या गावाला, केनवडला येऊ का, ताई? हात तुमचेच लागतील." एक हात खांद्यावर, दुसऱ्या हातानं तोंड हळूहळू डावीकडं, आणि तसंच धरून ठेवायचं. किशननं असा टाहो फोडला की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावली. सासूबाई रडायला लागल्या, हे पाणी प्यायला निघून गेले, आणि मी हात काढून घेतले. म्हटलं, "मोडली तर हो?" तो म्हणाला, "अशी हळू केली तर मोडत नाही. सोडून दिली तर वाकडी राहील." ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं! म्हटलं, रडू दे. मला पोराची मान सरळ पाहिजे, बस!

घरी आलो तर कस्तुराबाई हजर. आमच्याकडं लेकरांना तेल लावून न्हाऊ घालतात त्या. पदर खोचून तयारच! "आण इकडं. एका झटक्यात सरळ करून देतो मी. याच्या बापाचीबी मीच केली होती!" बापाची कशी झाली ते मी सांगितलंच आहे. पोराला छातीशी धरलं आणि दारात उभी राहिले. "तेल लावा, न्हाऊ घाला, मानेला हात लावायचा नाही!" कोण बोललं हे? मीच! भाजीवालीशी भाव करताना ततपप होणारी मी!

पण खरी लढाई पुढंच होती. फिजिओनं सांगितलं होतं, पाळणा फिरवा, म्हणजे दार त्याच्या डावीकडं येईल, आपोआप मान वळवेल. सोपं ना? छे! पाळणा फिरवला की डोकं येतं उत्तरेला! "उत्तरेले डोकं?" सासूबाईंनी कपाळावर हातच मारला. "लेकराले का मेल्यावानी निजवतं वं?" विज्ञानाची पदवी माझी, पण अंगावर काटा माझ्याच आला, सांगते! नाही फिरवला पाळणा. मग विचार केला, हा उजवीकडं दाराकडं का पाहतो? तर दारात बाजेवर त्याचे आजोबा बसतात, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत, मिशा हलवत. त्या मिशांवर पोराचा जीव! मग काय... उचलली बाज आणि नेली डावीकडं, स्वैपाकघराच्या दाराशी. आमचे सासरे भगवंतराव, जन्म गेला त्यांचा त्या दारात, गल्लीतून कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय, सगळं ठाऊक. आता समोर भिंत! "डॉक्टरनं लेकराले व्यायाम सांगतला का मले वनवास?" पण बसले हो. कुरकुरत बसले, पण मिशा हलवत राहिले.

आणि मी रोज, दर दुधाच्या आधी, हात धुऊन येते, खांदा धरते, तोंड वळवते. पोरगं बोंबलतं, मी गाणं म्हणते, गल्ली म्हणते, "माय आहे का कसाईण?" मान सरकायची ती बोटभर. कधी वाटायचं सरकली, कधी वाटायचं मलाच वाटतंय. तरी सोडलं नाही. मला पोराची मान सरळ पाहिजे, बस!

असे दोन महिने गेले. तर परवा मी स्वैपाकघरात पोळ्या करत होते. बाहेर किशन आजीच्या मांडीवर, चमच्यानं पाणी पिईना. आता दुसऱ्यांच्या घरी अशा वेळी काय म्हणतात? पी, नाहीतर डॉक्टर येईल सुई घेऊन! आमच्या सासूबाई काय म्हणाव्यात? "पी रे राजा पटपट... नाई तं तुही माय येईन!"

आणि तुम्हाला सांगते, किशननं मान वळवली हो! डावीकडं, स्वैपाकघराच्या दाराकडं! पूर्ण, खांद्यापर्यंत! सासरे ओरडले, "अवं पाह्य, वळली, वळली!" मी पिठाच्या हातानं धावत दारात आले, तर पोरगं टक लावून माझ्याकडंच पाहतंय... मी खरंच येते की काय ते बघायला. आणि आले म्हटल्यावर भोकाड!

मान सरळ पाहिजे होती ना मला? घ्या. माझ्याच धाकानं झाली!