पट्ट्यावरचे पांढरे खडे

हॅलो?… कोण?… अगबाई, साहेब का!

हो, हो, ताईच बोलतेय. आवाज बदलला नाहीये रे, घशात धूळ आहे. पंधरा वर्षं झाली जुन्या विटा तासतेय, घशात काय मध साठणार?

हो, आला तुझा डंपरवाला. दारात बसलाय, पाणी दिलंय त्याला. मान वर करत नाही बिचारा. कागद माझ्याच हातात आहे… वाचला की. दोनदा वाचला.

नाही, सही नाही झाली अजून… अरे ऐक ना. आधी जवळ ये. दार लोटून घे, फोन कानाला नीट लाव, मांडी घालून बस. एक कथा सांगते तुला… वेळ नाही? सोमवारी चौकशीवाले येणार, ठाऊक आहे मला. आज शनिवार आहे. माझी कथा पाच मिनिटांची आहे, साहेब.

तर एक होतं थिएटर… हो, तेच. जाड भिंतींचं, जुनं. ते पाडलं आणि सगळा राडारोडा तुझ्या कारखान्यात आला. पट्ट्यावरून सरकायला लागला. दोन्ही बाजूंनी माणसं उभी. लाकूड वेचा, लोखंड वेचा, काच वेचा, उरलेलं दळायला पाठवा, त्याचे अंगणात बसवायचे ठोकळे करा… माहीत आहे तुला, तू तिथला इंजिनिअर आहेस. पण कथा पहिल्यापासूनच सांगायची असते, मधूनच उचलली तर देवसुद्धा ओळखू येत नाही.

बरं, पट्ट्याच्या तोंडाशी पहिला कोण उभा होता?… बोल ना… हां. मामा. आई गेल्यावर ज्यानं आपल्या दोघांना वाढवलं, तो मामा. नीट म्हण की, लाज कसली?

त्या दिवशी पट्ट्यावरून पांढरे खडे यायला लागले. मामानं एक उचलला, नखानं ओरखडला. नख आत गेलं. तो ओरडला, पट्टा थांबवा, हा चुना नाही, पीओपी आहे! आणि तू काय म्हणालास?… नाही, मी नाही सांगत, तू सांग… हां. ‘जुन्या इमारतीत चुनाच असतो, मामा, चालू द्या.’

चुना असता तर चाललंही असतं. एवढं कळतं मला, कॉलेजात गेले नाही तरी. पीओपी सिमेंटात गेलं आणि पाणी लागलं की फुगतं. भिंती जुन्या होत्या रे, पण छताला मागाहून कुणी तरी वेलबुट्टी चढवली होती पीओपीची. पाडण्याआधी इमारत बघायला तूच गेला होतास ना? वर मान करून बघितलं होतंस?

फाटकाशी डंपरांची रांग होती, कबूल. हॉर्न वाजत होते, कबूल. पण नख लावायला किती वेळ लागतो, सोन्या?

…मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे, क्रशरशेजारी काम केलं की होतो.

मग ते ठोकळे दवाखान्याच्या अंगणात बसवले. दोनदा अंगण धुतलं काय नि पाठीची कमान केलेल्या मांजरासारखे वर आले. नर्सबाई ट्रे घेऊन येत होत्या, आपटल्या. मनगट मोडलं. तेही उजवं… हो, तू फळं घेऊन गेला होतास, कळलं मला. मामाही गेला होता. रिकाम्या हातानं गेला, पायाशी बसून आला. माझं चुकलं म्हणाला त्यांना, मी पट्ट्यावर आडवं पडायला हवं होतं.

आणि तू मामाच्या नावानं काय लिहून पाठवलंस? थांब, वाचून दाखवते. ‘माल निवडताना माझ्या हलगर्जीपणामुळे पीओपी वेगळे काढले गेले नाही.’ हलगर्जीपणा! अरे, हा शब्द मामाला वाचायलाच अर्धा तास लागेल. ज्याला पोळी करपली तरी रात्रभर चुकचुकायला होतं, त्याचा हलगर्जीपणा?

काय?… मोठ्यानं बोल… हं… हं… म्हणजे इंजिनिअरची चूक निघाली तर कारखान्याचा परवाना जातो, आणि मजुराची निघाली तर नुसता मजूर जातो. वा! देवळात रोज हात जोडतोस ना तू? तिथे उभं राहून म्हणून दाखव हे एकदा.

हो, चाळीस माणसं आहेत, मलाही दिसतात ती, मी त्यांच्यातच उभी असते… वय झालंय त्याचं, त्याला आता काय फरक पडतो? असं म्हणालास तू?… नाही, नाही, शब्द फिरवू नकोस. परत म्हण. ‘त्याला काय फरक पडतो.’ अरे, त्याच्याकडे नाव सोडून दुसरं आहे काय? चाळीस वर्षं पाडकामात काढली, एक वीट वाया घालवली असं कुणी म्हटलं नाही त्याला. चौकशी लागल्यापासून घरी बसवलंयस, तर परवा माझ्या स्वयंपाकघरातली डाळ निवडून ठेवली त्यानं. निवडलेलीच होती. परत निवडली.

थांब… मामा, तू कशाला उठलास?… कुणी नाही रे, सोन्या आहे… काही नाही, सहज केलाय फोन. तू पड.

हॅलो… हो, आलाय बाहेर. भिंतीला धरून उभा आहे. ऐकलंय वाटतं सगळं… नाही, फोन देणार नाही मी त्याला. माझ्याशी बोल.

काय, मामा?… विचारतोय तुला, कारखाना बंद झाला तर राडारोडा परत ओढ्यात टाकतील का?… मी काय सांगू? तू सांग.

…हो?

टाकतील म्हणतोय, मामा. दुसरी जागाच नाही म्हणतोय.

…सोन्या, तुला आठवतं? राडारोड्यानं ओढा बुजला होता त्या साली. पाणी घरात शिरलं आणि मामानं तुला खांद्यावर घेतलं होतं. पायाखाली फुटक्या विटा, गंजक्या सळया. त्याच्या पोटरीवर अजून खूण आहे… नाही आठवत? तू लहान होतास. बरं.

अरे मामा, काय करतोस?… नको… मामा, चष्मा कशाला?… ए डंपरवाल्या दादा, तू त्याला पेन का देतोस? तुला कुणी सांगितलं?… मामा, तुझी चूक नाहीये, मग सही कसली?… हो, ओढा आहे. ओढा राहू दे. तुझं काय?

…कागद मागतोय, सोन्या. हात पुढे केलाय. आयुष्यात काही मागितलं नाही रे यानं माझ्याकडे.

…दिला.

भिंतीवर टेकवून करतोय. शाई उतरत नाहीये. पेन झटकतोय… उतरली.

झाली सही. घेऊन निघाला तुझा डंपरवाला. पाया पडला मामाच्या. परका माणूस, पाया पडला.

थँक्यू म्हणू नकोस… म्हणू नकोस म्हटलं ना. माझी कथा संपली. एकच मागते, ऐक. सोमवारी चौकशीवाले कागद वाचतील, मान हलवतील, जातील. मंगळवारी पट्टा सुरू होईल. तोंडाशी नवा माणूस उभा करशील. कारखाना चालतोय, ओढा मोकळा वाहतोय, सगळे तुला चांगलं म्हणतील. म्हणू देत. पण तेव्हा मामाची आठवण ठेव. मोठ्यानं नको, जमणार नाही तुला. मनात ठेव. कुणाच्या नावावर हे चाललंय, तेवढं विसरू नकोस… ठेवशील ना?… सोन्या?… हॅलो?… हॅलो?

…काही नाही, मामा. लाइन गेली.

हो, विचारलं की तुझ्याबद्दल. दोनदा विचारलं.