कोपऱ्यातला बाण

काका : ...म्हणून सांगतो चिमणे, सावध तो सुखी. बुटांच्या मापांची फाइल एक्स्पोर्ट करायची आणि तीन पेनड्राइव्हवर ठेवायची. एक दुकानात, एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. आग लागू दे, पूर येऊ दे, कुणाच्या पायाचं माप हरवायचं नाही. कळलं?

चिमणी : कळलं. आता या नव्या संगणकावर उघडून दाखव.

काका : लाव पेनड्राइव्ह. त्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाच, किती सुवाच्य लिहिलीय.

चिमणी : काका, उघडत नाहीये.

काका : संगणक नवा आहे, लाजत असेल.

चिमणी : फाइलच्या या चित्राच्या कोपऱ्यात वाकडा बाण आहे, बघ.

काका : तो असतोच. मला वाटलं, शोभेचा.

चिमणी : बाण म्हणजे शॉर्टकट. ही फाइल नाहीच, काका. फाइल कुठे आहे, त्याचा नुसता पत्ता आहे.

काका : मग जा की त्या पत्त्यावर!

चिमणी : पत्ता जुन्या संगणकातला आहे. कुठेय तो?

काका : ...सकाळीच दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला.

चिमणी : पळत जाऊन आणू?

काका : काय उपयोग? आतलं सगळं पूस, म्हणून मीच बजावलं. माझ्यासमोर पुसलं. वर मी त्याला चहा पाजला.

चिमणी : आणि बाकीचे दोन पेनड्राइव्ह?

काका : त्यांच्यावरही हेच चित्र ओढून टाकलंय.

चिमणी : म्हणजे घराचा पत्ता तीन ठिकाणी जपलास, आणि घर पाडलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

काका : पुरे, पुढचं मला येतं. हसू नकोस गं. माझ्या गिऱ्हाइकांचा एकेक पाय वेगळा. त्या पोस्टमनच्या बुटाचा तळ डावीकडे किती उचलायचा, ते वर्षभर चुकत चुकत सापडलं होतं. पुन्हा पाय मोजून ते थोडंच मिळणार?

चिमणी : ही फाइल कधी कुणाला पाठवली होतीस?

काका : छे.

चिमणी : कुणालाच नाही?

काका : ...तुझ्या बाबाला. आमचं भांडण होऊन दुकान वेगळं झालं तेव्हा. 'गिऱ्हाइकं कुणाची, ते डोळे उघडून बघ' असं चांगलं झणझणीत पत्र लिहिलं आणि सोबत अख्खी फाइल जोडली.

चिमणी : मग तुझ्या मेलमध्ये असेल की!

काका : ती मेलच पुसली. दुसऱ्या दिवशी वाचली, तर माझीच मला लाज वाटली.

चिमणी : थांब, बाबाला फोन लावते.

काका : ए, नको! कुठल्या तोंडानं बोलू? शिवाय ती फाइल भांडणापर्यंतचीच.

चिमणी : भांडणानंतर नवीन गिऱ्हाइकं किती आली?

काका : ...लाव फोन.

(फोनची घंटा बराच वेळ वाजत राहते.)

दादा : बोल चिमणे.

चिमणी : बाबा, काकाची सगळी मापं गेली. भांडणाच्या मेलमधली फाइल आहे का तुझ्याकडे? तो इथंच बसलाय, मान खाली घालून.

दादा : आहे. पत्र पुसलं, फाइल ठेवली.

काका : दादा... का रे ठेवलीस?

दादा : पत्र रागाचं होतं. मापं बरोबर होती.

काका : पाठवतोस?

दादा : नको. घेऊनच येतो. तुझ्याकडे पाठवलेलं टिकत नाही.

काका : ये. आणि दादा... एक प्रत तुझ्याकडेही राहू दे.