गाळून टाकलेलं

इंदुबाई : आन् ह्यो दुसरा कागद? ह्यावर तर काळ्याभोर दाट रेघा हायेत.

वैजनाथ : तो टाकायचा आहे, आई. पूर्णिमाच्या डोक्याला तारा लावल्या की मेंदूबरोबर स्नायूंचंही सगळं येतं. पापणी मिटली, दात आवळले, सगळं. मेंदूची लहर बिचारी त्यात बुडून जाते. म्हणून तर मी ते गाळणारा प्रोग्रॅम लिहिला.

इंदुबाई : गाळल्यावर?

वैजनाथ : गाळल्यावर सपाट. तिन्ही तपासण्यांत. अशी निपचित पडलेल्या पूर्णिमाला आपलं काही कळत नाही, असाच रिपोर्ट लिहिणार आहेत डॉक्टर.

इंदुबाई : मंग ह्या दाट रेघा कशाच्या?

वैजनाथ : जबड्याच्या. बघून कळणारही नाही इतका किंचित आवळतो. आपोआप.

इंदुबाई : आन् ही तांबडी फुली?

वैजनाथ : तपासणी घेणाऱ्या हेमाताईंनी प्रश्न विचारला की एक फुली. ‘हो’ असेल तर मनातल्या मनात हात हलवायचा, असं सांगितलं होतं तिला.

इंदुबाई : पहिल्या फुलीला काय इचारलं?

वैजनाथ : तुझं नाव पूर्णिमा का?

इंदुबाई : फुलीमागं दाट रेघ. दुसरी?

वैजनाथ : तुझं नाव शालू का?

इंदुबाई : कायबी न्हाई. तिसरी?

वैजनाथ : माहेर मांजरी गावचं का?

इंदुबाई : दाट. जावईबापू, मला वाचता येत न्हाई, पन ह्ये दिसतंय. तुमचं आपोआप लई शहाणं हाय की!

वैजनाथ : थांबा. थांबा जरा. मी हा कागद फुल्यांशी जुळवून पाहिलाच नाही कधी. गाळलेलाच बघत बसलो.

इंदुबाई : हात हलंना म्हनून दात आवळती माझी लेक. आन् तुमी त्येच टाकताय!

(वैजनाथ गाळणारा प्रोग्रॅम बंद करून खाटेवरच्या पूर्णिमाला लावलेलं यंत्र पुन्हा सुरू करतो.)

वैजनाथ : पूर्णिमा, आठ महिने तू सगळं ऐकते आहेस?

इंदुबाई : आली! आली बगा रेघ!

वैजनाथ : परवा फोनवर मी कंपनीला म्हणालो... इथेच, तुझ्या उशाशी बसून... की व्हिसा झालाय, हिला संस्थेत ठेवतो आणि अमेरिकेला येतो. तेही ऐकलंस?

इंदुबाई : का हो, कागद हातानं का झाकलात? काय म्हनती ती?

वैजनाथ : दाट रेघ आली, आई. अजून थांबत नाहीये.