आतड्याची सरळ लाईन

...नाही, मला एक सांगा, टाकी बसवायची आणि तिला ओव्हरफ्लो द्यायचा नाही, हे कुठल्या शहाण्याचं काम? मी कुणाच्या गच्चीवर अशी टाकी बसवली ना, तर घरमालक मला त्याच टाकीत बुडवेल! आणि आपल्या प्रत्येकाच्या पोटात, तुमच्या, माझ्या, त्या मागे बसून हसणाऱ्या काकूंच्यासुद्धा, अशी एक टाकी आहे. मूत्राशय! जेमतेम अर्ध्या लिटरची. वर दोन फिल्टर, म्हणजे मूत्रपिंडं, ती दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी रक्तातून गाळतात, जवळजवळ सगळं परत रक्तात सोडतात आणि उरलेलं दीडेक लिटर या टाकीत. भरली की? ओव्हरफ्लो नाही! नुसता निरोप येतो, "चला, उठा." मग तुम्ही अर्धी दाढी करून बसलेले असा, नाहीतर साहेबांपुढे उभे असा, उठा म्हणजे उठा! अहो, सव्वीस वर्षं पाईप जोडतोय मी, सव्वीस वर्षं! असली फिटिंग बघितली नाही कुठे.

आता तुम्ही म्हणाल, या प्लंबरला हे ज्ञान कुठून? तर आमच्या हिच्याकडून. आमची ही शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. नऊ वर्षं शिकवतेय आणि नऊ वर्षं हंगामी! सुट्टी लागली की नोकरी संपली, शाळा उघडली की पुन्हा अर्ज. यंदा कळलं की मोठे साहेब तपासणीला येणार, हिचा एक पाठ बघणार, पसंत पडला तर ही कायम, नाही पडला तर जागा दुसऱ्याला. आणि पाठ कुठला? पचन, श्वसन आणि उत्सर्जन! ही मला म्हणाली, "अहो, फळ्यावर चित्रं काढून काढून नऊ वर्षं गेली. या वेळी मला मॉडेल हवंय, खरं चालणारं. तुम्ही करून द्याल?" आता लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बायको पहिल्यांदा आपल्या धंद्याचं काही मागतेय... आमच्या मोरीतला नळ आठ महिने गळतोय, तो विषय आत्ता नको... म्हटलं, "करतो! असं करतो की साहेब बघत राहतील!" आणि साहेब बघतच राहिले हो, ते पुढे येईल.

हिने शरीराचा नकाशा दिला. मी कपाळावर हात मारला. "अगं, हवेची लाईन आणि अन्नाची लाईन एकाच घशातून?"

"हो."

"आणि मध्ये काय?"

"एक छोटं झाकण. घास गिळताना ते श्वासनलिकेवर बसतं."

झाकण! ना स्प्रिंग, ना वॉशर, दिवसातून शेकडो वेळा उघडझाप, आणि गॅरंटी कार्ड? नाव नको! "आणि बोलता बोलता घास हवेच्या पाईपात गेला तर?"

"ठसका लागतो."

म्हणजे लाईन साफ करायची ती स्फोट करून! बरं, फुप्फुसांना मोटर आहे म्हणाल तर तीही नाही. खाली एक पडदा, तो खाली गेला की हवा आत, वर आला की बाहेर, झालं. माझा विश्वास बसेना. मी पाण्याची मोठी बरणी घेतली, तळ कापला, आत दोन फुगे सोडले, खाली रबर ताणून बांधलं आणि ओढलं... अहो, काय सांगू, फुगे आपोआप फुगले! दुपारभर तेच ओढत बसलो. शेजारचे आजोबा डोकावून म्हणाले, "अरे, जेवलास का?" म्हटलं, "थांबा आजोबा, श्वास घेतोय."

इथपर्यंत सगळं छान. मग आलं आतडं. नकाशात लिहिलेलं, लहान आतडं बावीस फूट, मोठं आतडं पाच फूट. म्हटलं, "अगं, लहान ते बावीस आणि मोठं ते पाच? नाव ठेवायच्या आधी टेप लावली होती का कुणी?"

"नाव जाडीवरून पडलंय. आणि ऐका, बावीस फूटच घाला. वेटोळी करून."

वेटोळी! तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात वेटोळं म्हणजे शिवी. एक बेंड जास्त झाला की तिथे कचरा अडकलाच, लाईन तुंबलीच, आणि रविवारी सकाळी मला फोन आलाच! लाईन कशी पाहिजे? सरळ, उतार देऊन, जोड कमीत कमी. वरून टाकलं की खाली हजर! सव्वीस वर्षं पाईप जोडतोय मी, आता मला काय सातवीचं पुस्तक शिकवणार? मी काय केलं, हिला न सांगता तीन फूट पाईप कापला, झकास उतार दिला, जठरातून थेट बादलीत, आणि त्यावर वेटोळ्यांचं चित्र चिकटवलं. दिसायला बावीस, आतून तीन. ही म्हणाली, "एकदा पाणी सोडून बघितलंत का?" म्हटलं, "बघितलं. थेंब गळत नाही." खोटं बोललो का? नव्हतंच गळत!

हां, एक मात्र मी विचारलं होतं. "वर हवेला एक बारीक पाईप काढू का? नाहीतर पाणी जाताना आवाज करेल." तर ही म्हणते, "नकाशात नाही ना? मग नको. एवढं तरी माझं ऐका हो." ऐकलं. एकदाच ऐकलं हो आयुष्यात...

तो दिवस आला. चाळीस मुलं, पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत साहेब, मांडीवर वही, बाजूला मुख्याध्यापिका बाई, आणि मी मागच्या बाकावर, खिशात पाना, गळलं-बिळलं तर असावा म्हणून. हिने फुप्फुसं दाखवली, साहेबांनी मान डोलवली. मूत्रपिंडं दाखवली, साहेबांनी वहीत लिहिलं. मला वाटलं, झाली कायम! मग हिने कुस्करलेल्या बिस्किटांचं पाणी वरून ओतलं आणि गोड आवाजात सांगायला लागली, "मुलांनो, जठरात अन्न घुसळलं जातं, तीन-चार तास. आणि आता मी हा कॉक उघडते. आता अन्न लहान आतड्यात जाईल. बावीस फुटांचा प्रवास! अगदी सा-व-का-श..."

'सावकाश'मधला 'श' अजून तोंडात होता हो! फर्रर्र... भस्स! काय तो आवाज! सगळं बिस्किटाचं पाणी बादलीत, बादलीतून उसळून साहेबांच्या बुटांवर, आणि वर पाईपातून शेवटचा थेंब, टप्प! साहेबांनी वही मिटली. मिटली हो! हिने माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षं त्या नजरेत होती. वाटलं, तिची नोकरी मी माझ्या हाताने गटारात सोडली, तीही उतार देऊन.

पण आमची ही! तुम्ही ओळखत नाही हिला. पदर खोचला, मुलांकडे वळली आणि म्हणते कशी, "सांगा बरं, आत्ता हे काय झालं?"

माझ्या पुढच्या बाकावरचं कार्टं उभं राहून ओरडलं, "बाई, जुलाब!"

"शाब्बास! आणि कशामुळे?"

"बाई, लई जोरात गेलं!"

"बरोबर! आतड्याला अन्नातलं सत्त्व आणि पाणी शोषायला वेळच मिळाला नाही. आता कळलं, बावीस फूट कशासाठी? अन्न पुढे ढकलायला नाही रे, आत थांबवायला! घाईघाईत काम उरकणाऱ्या माणसाने आतडं बसवलं, की असं होतं." हे बोलताना बघत होती कुणाकडे, सांगायला हवं का? "आणि अंगातलं पाणी गेलं, तर काय द्यायचं?"

चाळीस पोरं एका सुरात, "मीठ-साखर-पाणी!"

आणि साहेब हसायला लागले. खो खो हसले, ठसका लागला त्यांना... ते झाकण! म्हटलं होतं ना मी!... डोळे पुसले, वही उघडली आणि सही केली. म्हणाले, "बाई, तीस वर्षांत असा पाठ बघितला नाही." ही कायम झाली! खोटं कशाला सांगू, मागच्या बाकावर मी रडलो. सव्वीस वर्षं पाईप जोडतोय, पण कामावर कधी रडलो नव्हतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज बोललोच नसतो. साहेब जाता जाता म्हणाले, "हे मॉडेल शाळेत कायम ठेवा." म्हणजे हिच्याबरोबर तेही कायम! मुख्याध्यापिका बाई फार सज्जन. म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडायचे?" आणि फेडले. दारातच, येता-जाता दिसेल असं मॉडेल ठेवलंय, त्यावर ठळक पाटी, 'जुलाब', आणि त्याखाली 'प्लंबर' म्हणून माझा मोबाईल नंबर! आता पालक येतात, वाचतात, फोन करतात. धंदा दुप्पट झालाय, तक्रार नाही. पण परवा सकाळी एका बाईंचा फोन, "हॅलो, बेसिन तुंबलंय हो आमचं. ते शाळेतले जुलाबवाले तुम्हीच ना?"

म्हटलं, "हो ताई, जुलाबवालाच बोलतोय. पत्ता सांगा."