एकच टोला

आज बघा कसं लख्ख ऊन पडलंय – वारा नाही, ढग नाही, वरचा सुळका हात लावावा इतका जवळ दिसतोय. असा दिवस बघूनच माणूस फसतो. बसा, बसा, काठी घासून व्हायची आहे अजून, लाकडाला घाई चालत नाही – तर काय विचारत होतात? मुलाला घेऊन कधी यावं? उन्हाळ्यात या म्हणतील सगळे. उन्हाळ्यात काय आहे? दगड तापतात, झरे आटतात, आणि पुढच्याची पाठ बघत चढायचं. थंडीत वाट कोरडी असते, म्हातारीकोतारीसुद्धा जाऊन येतात – पण त्यात तुम्हाला काय मजा? तुम्ही आपलं पाऊस ओसरता ओसरता या. धुक्यात. हो, धुक्यातच. दुसऱ्या कुणाला मी असं सांगत नाही, हात जोडून थंडीत या म्हणतो. पण तुम्ही तेव्हा येऊन गेलायत ना – मघाशी तुम्हीच नाही का सांगितलंत, हसत हसत? वाटाड्या पाय मोडून वरच बसला आणि तुम्ही एकटे उतरलात, शेवटची बस गाठलीत. शाबास. धुक्यात एकट्यानं उतरायचं म्हणजे खायचं काम नाही. परत सांगा ना ते – नको? बरं, राहू द्या.

ती खालच्या वळणावरची घंटा, आत्ता येताना गंमत म्हणून वाजवलीत ना, तीच – तिची रीत ठाऊक आहे तुम्हाला? आहे हो, नसेल कशी! एक टोला म्हणजे आमच्यातले सगळे उतरले. कुणी मागं राहिलं असेल तर थांबायचं नाही, वाजवतच राहायचं, खालून माणसं धावत येईपर्यंत. माझा मुलगा तर वर जाताना पाहुण्याकडून दोनदा वदवून घ्यायचा, लहान मुलाला शिकवावं तसं. मग तेव्हाही एकच दिलात? का? – बस निघत होती. घंटा बडवत बसलं की लोक जमणार, विचारणार, चला परत वर म्हणणार. खरं ना? मान नका हलवू, मी रागावलो नाहीये. आवाज चढलाय का माझा? आमची ही म्हणायची, हा माणूस विंचवालासुद्धा वाट देतो.

धुकं उठलं तेव्हा सापडला तो. सदरा फाडून पायाला बांधलेला. सरपटत बराच खाली आला होता – घंटेपर्यंत नाही पोचला.

तुमचा केवढा आहे? तरणा असेल ना? माझाही तसाच होता. आणा त्याला. वाटाड्या कशाला, वाट तुमच्या ओळखीची. आणि घसरलाच त्याचा पाय, तर तुम्ही खाली या आणि वाजवा घंटा. हात दुखेपर्यंत वाजवा. मी असतोच इथं, कान अजून चांगले आहेत माझे. पहिला टोला ऐकेन, आणि दार लावून घेईन.

बघा – बोलून बसलो. गप्प राहिलो असतो तर आला असतात तुम्ही. केवढं जपलं होतं, आणि एक काठी घासता घासता सांडलं सगळं.

उठलात? काठी ठेवा ती. नाही, तुम्हाला नाही द्यायची. जा, बस चुकेल तुमची. आणि मुलानं विचारलं ना, डोंगरावर कधी जायचं, तर त्याला एवढं सांगा – त्या संध्याकाळी एक म्हातारा पायात चपला घालून, कंदील घेऊन दारात उभा होता. निघणारच होता वर. तेवढ्यात शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, “एकच टोला पडला, भाऊजी. सगळे उतरले. पाहुण्याला सोडायला गेला असेल, राहिला असेल बाजारात. चपला काढा आणि जेवून घ्या.”