पाण्यातला बाळकृष्ण आणि निरंजनचा शिरा

हां! बुक्का लागला, हार गळ्यात पडला, तुमचा चहाही झाला. आता उत्तररंग, आता कुणी उठायचं नाही! ते मागचे काका — चपला शोधताय ना? बसा, बसा. चपला कुठं जात नाहीत. आणि गेल्याच, तर दुसऱ्याच्या घालून जा, रामाच्या दारात एवढं चालतं!

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न विचारतो. आपल्या अगदी जवळच्या माणसाचं भलं होणार आहे, आणि त्याच भल्यापायी आपलं मात्र अडणार आहे. अशा वेळी देवापुढं हात जोडून मागायचं काय? "त्याचं भलं कर" म्हणायचं? म्हणतो हो आपण! तोंडानं म्हणतोच. पण आत? आत कोण काय पुटपुटतंय? देवाला तर दोन्ही ऐकू येतं! मग त्या बिचाऱ्यानं ऐकायचं कुणाचं?

आज पुराणातली गोष्ट नाही सांगत. जयसिंगपुरातली सांगतो. तिथं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे. मालक निरंजन हुपरीकर. माणूस लाख! अख्ख्या गावाचे डोळे तपासणारा. "आजोबा, खालची ओळ वाचा. आता त्याच्या खालची." दिवसभर हेच. आणि मंडळी, स्वतःच्या मनातली सगळ्यात वरची, सगळ्यात ठळक ओळ — ती काही त्याला वाचता येत नव्हती!

त्याची बायको शरयू. कॉलेजात शिकवायची. विषय कुठला? माती! नदीकाठची उसाची जमीन पाणी पिऊन पिऊन पांढरी पडते, मीठ वर येतं, काही उगवत नाही — माहीत आहे ना तुम्हाला? ती जमीन पुन्हा जिवंत कशी करायची, हा तिचा ध्यास. मातीच्या पुड्या घरभर! एकदा निरंजननं त्यातलीच एक पुडी चहात टाकली, सुंठ समजून. चहा पिऊन म्हणतो, "आज चहा जरा मातकट लागतोय का गं?"

तर तिला करायची होती पीएच.डी., आणि तीही परदेशात. चार विद्यापीठांत अर्ज करायचे ठरले. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, "मला पुढं शिकायचंय." निरंजन म्हणाला होता, "शीक की! मी आहे ना!" — लग्न ठरताना आपण काय काय म्हणतो, जरा आठवा मंडळी! पेटीवाले बुवा, तुम्ही हसू नका, तुमच्या मंडळी समोरच बसल्यात!

पण बोलणं निराळं आणि अर्ज जाणं निराळं. शिक्षण पाच वर्षांचं. दुकान सोडता येत नाही. घरात म्हातारी आई, माई, तिला सोडता येत नाही. म्हणजे ही तिकडं, आपण इकडं. ज्या संध्याकाळी शेवटचा अर्ज गेला, त्या संध्याकाळी निरंजननं शिरा केला. त्या घरात शिरा तोच करायचा, वडिलांकडून शिकलेला. एरवी त्याचा शिरा खावा तर असा की बोटं चाटावीत. पण त्या दिवशी? रवा कच्चा! गुठळ्या! घास घशाखाली उतरेना. शरयू पाण्याच्या घोटाबरोबर गिळत म्हणाली, "छान झालाय." सासूनंही मान हलवली.

आणि मग सुरू झालं वाट बघणं! अहो, मुलीच्या सोयरिकीचं उत्तर यायचं असतं तेव्हा तरी मध्यस्थाला फोन करता येतो. इथं कुणाला करणार? शरयू भाजी चिरता चिरता फोन बघायची. पोळी तव्यावर, डोळे फोनवर, पोळीचा कोळसा! शेजारच्या बाई विचारायच्या, "काय गं, गोड बातमी कधी?" ही म्हणायची, "ई-मेल आला की सांगते हं." त्या बाई आठ दिवस विचारात, की हल्ली ते पण ई-मेलवर कळतं?

एक दिवस संगणकावर मुलाखत होती. माईंनी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅसच बंद करून टाकला. डाळ कच्ची राहिली. तिघांनी ती तशीच खाल्ली, आणि मुलाखत कशी झाली यावर रात्रीपर्यंत बोलत बसले. असं प्रेमाचं घर हो!

त्याच दिवसांत माईंनी काय केलं? देवघरातला रांगता बाळकृष्ण उचलला, तांब्याच्या घंगाळात पाणी भरलं, तुळशीचं पान टाकलं, आणि ठेवला देव पाण्यात! आपल्याकडची रीत आहे ना ही — इच्छा पुरी होईपर्यंत देवाची सुटका नाही! हातात लोण्याचा गोळा, आणि बिचारा गळ्यापर्यंत पाण्यात. काय मागितलं, ते मात्र माईंनी सांगितलं नाही. नवस बोलून दाखवायचा नसतो.

आता बघा हं, मन कसं असतं. माईंनी काही सांगितलं नाही, पण निरंजननं ठरवून टाकलं! त्याला वाटलं, आई आहे शेवटी. सून सातासमुद्रापलीकडं जाऊ नये, म्हणूनच देव बसवला असणार. आणि त्याला आतून कसं बरं वाटलं, सोबत मिळाल्यासारखं! रोज सकाळी घंगाळातलं पाणी तो बदलायचा. तोंडानं म्हणायचा, "देवा, शरयूला यश दे." आणि पाणी ओतता ओतता आत कुणीतरी हळूच म्हणायचं, "पण घाई नाही."

पहिलं उत्तर आलं. "आपला अर्ज अतिशय चांगला होता, परंतु..." अहो, परंतुच्या आधीचं सगळं वायाच की! शरयू खिडकीशी जाऊन उभी राहिली. निरंजननं तिच्या खांद्यावर हात ठेवला, "त्यांचंच नुकसान" म्हणाला, आणि तिचं मन रमावं म्हणून शिरा करायला घेतला. काय शिरा झाला महाराज! रवा बदामी भाजलेला, तूप कडेनं सुटलेलं, वर काजू, वर केशर! स्वयंपाकघरातनं शीळ ऐकू येत होती. शरयूनं पहिला चमचा खाल्ला, नवऱ्याकडं बघितलं, आणि बशी संपवली.

दुसरं उत्तर आलं. परंतु! पुन्हा शिरा — ह्या खेपेला बेदाणेही. तिसरं आलं. परंतु! आणि निरंजन चक्क केळी घेऊन घरी आला, सत्यनारायणाला घालतात तशी! मंडळी, खरं सांगा, दुःखाच्या दिवशी शिऱ्यात केळं कोण घालतं?

केळी ओट्यावर ठेवली आणि तो देवघरात गेला. माई वाती वळत होत्या. हा अगदी लाडात येऊन म्हणाला, "माई, झालं की तुझ्या मनासारखं. काढ आता त्याला बाहेर, गारठला असेल."

माईंचा हात थांबला. "माझ्या मनासारखं?"

"मग? तीन ठिकाणी नाही म्हणाले. चौथे पण म्हणतील."

"अरे निरू," माई म्हणाल्या, "होकार यावा म्हणून ठेवलाय मी देव!"

बसला धक्का! निरंजन खालीच टेकला. "पण... ती गेली तर तुझं कसं?"

"माझं काय व्हायचंय? माझ्या माहेरची जमीन पांढरी पडताना बघितलीय मी. माझा भाऊ बांधावर बसून नुसता बघत राहायचा. पहिल्यांदाच घरात कुणीतरी आलंय, जिला त्या मातीचं काहीतरी करायचंय. ती इथं राहून माझी औषधं मोजत बसली, आणि कधीतरी भांडी विसळताना 'राहूनच गेलं' म्हणाली, तर ते मी ऐकू?"

आणि मंडळी, दारात शरयू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. निरंजननं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता ही रडणार, भांडणार. ती त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

"मला पहिल्या नकारालाच कळलं होतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"शिऱ्यावरून! अर्ज पाठवले त्या दिवशी तुझा रवा कच्चा. आणि नकार आला की केशर? तुझं तोंड खोटं बोलतं रे, हाताला जमत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू शीळ घालत होतास. मला वाटलं, ह्या माणसाला एवढा आनंद होतोय, तर नकोच यायला होकार. परवा चौथ्यांची मुलाखत आहे. येत नाही म्हणून कळवणार होते."

आता सांगा, मंडळी! आतल्या आत जे मागितलं होतं, ते अगदी हातात आलं होतं त्याच्या! गप्प बसला असता तरी पुरे होतं. बायको घरात, दुकान जागेवर, शिरा रोज! पण त्यानं शरयूच्या तोंडाकडं बघितलं. इतके दिवस तो तिला धीर देत होता, पण तिला बघत नव्हता. ती सुकली होती हो. त्याचा जीव कळवळला. "कळवू नकोस," तो म्हणाला. "मुलाखत दे. मला भीती वाटते गं तुझ्यावाचून राहायची. पण तू दे."

परवाचा दिवस उजाडला. माईंनी कुकर लावलाच नाही. निरंजननं दुकान बंद ठेवलं आणि जिन्यात जाऊन बसला. इकडं मुलाखत सुरू झाली, आणि तिकडं गल्लीच्या तोंडाशी भोंगा! "ऐ भंगाऽऽर! जुनं लोखंड, पत्रा, बाटलीऽऽ!" निरंजन उठला तो अनवाणी धावला! भंगारवाल्याचा हात धरला, त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर बसवलं आणि चहा पाजला. चहा संपला, वडापाव आणला. तो म्हणतो, "साहेब, भंगार काय द्यायचंय?" हा म्हणतो, "देतो, देतो, आधी खा!" शरयूचा फोन येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही, आणि शेवटी घरातला चांगला चालता पंखा देऊन मोकळा झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळातलं पाणी बदलताना तो थांबला. होकार मागायचा प्रयत्न केला. नाही आला ओठांवर! मग म्हणाला, "बाळकृष्णा, खोटं नाही बोलत. तिला पाठव, असं मला मनापासून म्हणता येत नाही. पण तिला होकार आलाच, तर त्या दिवशी माझा हात आखडू देऊ नकोस. एवढंच कर." काय मागणं आहे बघा! अहो, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड आणि मन एक झालं होतं!

मग एका दुपारी निरंजन दुकानात एका आजींचे डोळे तपासत होता. शरयू आत आली. तिनं फोनच पुढं धरला. निरंजननं वाचलं. वरची ओळ वाचली. खालची वाचली. त्याच्या खालची वाचली. कुठंही 'परंतु' नव्हता!

फोन तिच्या हातात देऊन तो निघालाच. आजी तशाच खुर्चीत, ती तपासायची जड फ्रेम नाकावर! "अरे, माझा नंबर?" तो रस्त्यातून ओरडला, "उद्या, आजी, उद्या!"

घरी आला, कढई चढवली. माई आणि शरयू दारात उभ्या. आता हो? आता कसा होणार शिरा? निरंजन रवा भाजत होता. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, बाहीला पुसत होता, पण हात थांबला नाही. रवा बदामी झाला. तूप घातलं. थांबला. पुन्हा घातलं! काजू मोजले नाहीत, डबाच उपडा केला. केशर, बेदाणे, केळं — सगळं, सगळं! मग हात धुतले, घंगाळातनं बाळकृष्ण काढला, आपल्या उपरण्यानं पुसला, पाटावर ठेवला, आणि पहिली वाटी त्याच्यापुढं.

दुसरी वाटी शरयूची. तिनं चमचा तोंडात घातला. माई बघतायत, निरंजन बघतोय. तिनं डोळे मिटले, सावकाश घास गिळला, आणि म्हणाली, "झाला. आता मी जाऊ शकते."

मंडळी! मुलाखतीत ती पास झाली होती हो. पण घरची परीक्षा त्याची होती, आणि तिचा निकाल त्या वाटीत होता!

आता माझ्याकडं बघू नका, आत बघा. धाकट्या जावेच्या घराची वास्तुशांत झाली, तुम्ही लाडू वळायला गेलात. कसे झाले लाडू? भावाच्या पोराला नोकरी लागली, तुम्ही पेढे घेऊन गेलात. कुठल्या दुकानातले नेले? सून शिकायला निघाली, तिच्या डब्यात तूप किती पडलं? हसताय? हसा! पण घरी गेल्यावर आपल्या हाताकडं एकदा बघा. आपल्या माणसाच्या सुखाला ज्याचा हात सैल सुटतो, त्याच्या घरी देवाला पाण्यात बसावं लागत नाही.

आरतीला उभे राहा. रामाचं नाव पोटातनं घ्या, नुसतं ओठांवरनं नको. आणि हो — आज प्रसादाला शिराच आहे. केलाय ह्या समोर बसलेल्या माउलींनी. खाऊन बघा, आणि त्यांच्या मनात काय होतं, ते तुम्हीच सांगा!