खांदा सैल सोडा

न्हाय न्हाय सर, असा आवळून धरला तर बसंल कसा? सैल सोडा खांदा. सोडलाय म्हणतासा आन् दगडागत केलायसा! गाडीवरनं पडताना भ्याला न्हाईसा, आता हंबीरराव वस्तादाला भेतासा व्हय? बरं — तेल मुरंस्तवर बोलत बसू.

मी तुमच्या इंग्रजीच्या वर्गाला यायचं का सोडलं, हेच इचारायचंय न्हवं? कवाधरनं तुमच्या तोंडावर दिसतंय. गुडघा धरलाय माझा. — व्हय, ह्योच गुडघा. — आता मांडी घालून बसलोय खरा, पर इंग्रजीच्या बाकावर दुखतोय की त्यो! बरं, खरं सांगतो. तुमची रीत हाय न्हवं, चुकला की उभं राहा, वाक्य तीनदा म्हणा? विशीतल्या पोरापोरींत मी बासष्टीचा उभा राहिलो, सगळी फिस्सकन हसली — तुमीबी हसलासा सर, बघितलं मी. खासबागच्या मैदानात हजारो माणसांपुढं कुस्तीला लांग कसली, तवा भ्यालो न्हाई. तुमच्या वर्गात भ्यालो. येत हुतं तेबी इसारलो. आमच्या तालमीत पडणाऱ्याला कोण हसत न्हाय — हसला तर हसणाऱ्याला शंभर बैठका! पडायला भेणारा गडी डाव शिकतोय का कवा? न्हाय शिकत.

या वयात शिकायचं कशाला म्हणतासा? अवो, नात हाय माझी, मोना, सा वर्साची, ऑस्ट्रेलियात. मराठी येत न्हाय तिला. फोनवर आजोबा म्हणती, मग इंग्रजीत काय काय इचारती. मी नुसता हसतो. मग ती फोन बापाकडं देऊन टाकती. लई वाईट वाटतंय सर. दिवाळीला यायलीय. — सराव? करतो की घरात! म्हशीसंगं. गुड मॉर्निंग, हाऊ आर यू, डिड यू स्लीप वेल — फडाफडा बोलतो! ती रवंथ करती, हसत न्हाय, उभंबी करत न्हाय — आता कसं हसलासा? हां, असंच हसा —

खट्ट! बसला बघा.

वरडू नका, झालं की. उचला हात... बघा! म्हशीनं सैल केला, मी नुसता ओढला. आठ दिस गाडी बंद. आन् उद्या येतो मी वर्गाला. चुकणार तर हायच, पर बसूनच चुकू द्या सर, एवढं करा. निघा आता, भाईर हाडं बसवून घ्यायला पावणं थांबल्यात.